महिपतरावांचे अंगठे

मशीनने तिसऱ्यांदा लाल दिवा दाखवला, तेव्हा रुचिता गंभीर झाली. कोपरीत तिचं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान होतं. महिपतराव शेलार दर नोव्हेंबरात तिथे अंगठा टेकवून पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढत.

"काका, अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. करता काय तुम्ही हातांचं?"

"काही नाही गं. रिटायर्ड माणूस मी."

"काही नाही कसं?" स्टुलावरून त्यांची बायको हौसाबाई कडाडल्या. "दर रविवारी मोटारसायकल घासतात. डिझेल काय, तारेचा ब्रश काय, पॉलिश पेपर काय! त्या मेल्या चेनला चोळतात तेवढं माझ्या डोक्याला कधी तेल नाही लावलं."

"मशीनच्या मते काका सध्या हयात नाहीत," रुचिता म्हणाली. "आठ दिवस हात जपा. मग परत बघू."

घरी येताच हौसाबाईंनी तारेचा ब्रश कचऱ्यात टाकला. पाच दिवस महिपतरावांनी कसेबसे काढले. पण शनिवारी गल्लीतली पाइपलाइन फुटली आणि उभ्या गाडीवर चिखलाचा सडा पडला. चेनमध्ये वाळू गेली, म्हणजे त्यांच्या दाताखालीच आली.

रविवारी हौसाबाई बहिणीकडे कल्याणला गेल्या. महिपतरावांनी हातांना खोबरेल चोपडलं, त्यावर बायकोचे भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. जुना टूथब्रश काठीला बांधून चेन घासली. चाकाच्या तारांमधून साबणाचं फडकं फिरवलं, तेही सांडशीत धरून. चपला भिजायला नकोत म्हणून अनवाणी. तासाभरात गाडी लखलखली आणि हात अगदी बाळासारखे मऊ राहिले.

मग त्यांनी गाडी मेन स्टँडवरून पुढे ढकलली. साबणाने बुळबुळीत झालेले मोजे हँडलवरून सटकले आणि मागचं चाक थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर चढलं.

संध्याकाळी हौसाबाईंनी दारातच विचारलं, "हात बघू."

महिपतरावांनी दोन्ही हात पुढे केले. पाय सोफ्याखाली होते.

सोमवारी मशीनवर पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला. "काका हयात!" रुचिता ओरडली. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. महिपतराव ऐटीत उठले आणि कळवळून परत बसले.

"काय झालं?"

"अंगठा दुखतोय."

"अरे देवा! कुठला?"

"पेन्शनला लागत नाही, तो."

हौसाबाईंनी वाकून चपलेतला काळानिळा अंगठा पाहिला. ओरडायला तोंड उघडलं खरं, पण बाहेर पडलं ते हसू. त्या पोट धरधरून हसल्या, "माझे हातमोजे, ना? तरीच खोबऱ्याचा वास येत होता!"

रुचिताने काउंटरवरून मान पुढे काढली. "काका, माझ्या गाडीची चेन पण फार वाजते हो. डिझेलने धुऊ की रॉकेलने?"

महिपतरावांनी स्टूल पुढे ओढलं. हौसाबाईंनी पिशवी उचलली.

"मी भाजी घेऊन घरी जाते," त्या म्हणाल्या. "यांचं संपलं की रिक्षात बसवून दे."