टपावरचे दोन पोचे

मित्रांनो, आधीच सांगते, मी दमलेली गाडी आहे. बोलण्यात जोर नसला तर रागावू नका. गॅरेजच्या मागच्या अंगाला, तेलाच्या पिंपाशेजारी मी उभी आहे. मला विकायचं ठरलंय. रंग उडाला, आरसा फुटला, मी हूं की चूं केलं नाही. पण आता थोड्याच वेळात मेकॅनिक हातोडी घेऊन माझ्या टपावरचे दोन पोचे सरळ करणार आहे, आणि ते मला अजिबात नकोय. ते पोचे कसे पडले, तेवढं ऐकून घ्या.

तरुणपणी मी बेकरीची गाडी होते. दुकानोदुकानी गरम पाव पोचवायचे, तेव्हा माझा हॉर्न ऐकून लोक घड्याळ लावायचे म्हणे. मग मोठी गाडी आली आणि मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या सीटवर मांजर दोनदा व्याली, एवढीच काय ती वर्दळ.

तिथून मला काकांनी आणलं. बस चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी माझ्या पोटात घडीचा पलंग, शेगडी आणि हात धुवायचं भांडं बसवलं, पाठीला टपावर जायची शिडी लावली. काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. उरलेल्या निळ्या चौकड्यांच्या कापडाचे पडदे त्यांनी मला शिवले. दोघं समुद्रकाठाने आरामात फिरणार होते. तेवढ्यात साथ आली आणि जिथल्या तिथे सगळं बंद झालं.

काकूंची आई किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात होती. सात महिने कुणालाच आत सोडत नव्हते. साथ, नियम हे त्या म्हातारीच्या डोक्यात काही शिरेना. "टाकलंत ना मला? बरं," एवढं म्हणून ती फोन ठेवून द्यायची. एके दिवशी तिथल्या मेट्रनचा फोन आला. आजी जेवणाला तोंड लावत नाहीत, कुणीतरी या.

भेट मिळाली ती गुरुवारची, तीन ते चार, तीही तळमजल्यावरच्या खिडकीच्या काचेतून. वाटेतली लॉजं बंद होती. घर पाठीवर घेऊन जाणारी मीच काय ती कामाची. दोन दिवसांचा रस्ता, आणि शुक्रवारी परत फिरायचंच, असा पास होता.

मित्रांनो, काय तो किनारा! कड्याच्या कडेने रस्ता, खाली हिरवंगार पाणी, लांब पांढरं दीपगृह. पण वाळूवर पाय ठेवायचा नाही. सगळीकडे पट्ट्या बांधलेल्या. काकू पडदा सरकवून बघायच्या आणि पुन्हा लावून टाकायच्या. एवढं सुंदर सगळं बघून त्यांना अधिकच रडू यायचं.

आणि काकांची ती खोड! याच रस्त्यावर एकतीस वर्षं बस हाकलेली. थांबा दिसला की त्यांचा पाय ब्रेकवर जायचाच. थांबायचं, आरशात बघायचं, कुणी चढत नाही अशी खात्री करायची, मग निघायचं.

"अहो, कोण बसणार आहे आता?" पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या.

"पाय आपोआप जातो गं."

"बरं, मग घंटी मी मारते. टिंग टिंग! चला!"

त्या दिवशी दोघं हसले. गुरुवारी मात्र, रात्रभर जागलेल्या काकूंचा डोळा लागला आणि काकांना टोकायला कुणी उरलं नाही. चाळीस थांबे, प्रत्येकी अर्धं मिनिट. पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"नियम म्हणजे नियम, काकू," फाटकाआडून मेट्रन म्हणाली. "पुढची पाळी सहा आठवड्यांनी."

 काकूंनी नुसतं काकांकडे पाहिलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी खाली मान घालून विचारलं, "आईंची खोली कुठली?"

"पहिला मजला, रस्त्याकडची. का?"

काकांनी मला मागे घेतलं आणि त्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला अगदी खेटून उभं केलं. म्हणाले, "चढ."

"वेड लागलंय का तुम्हाला? माझे गुडघे!"

"मी धरतो शिडी. चढ गं."

काकू चढल्या. साठी ओलांडलेली बाई माझ्या टपावर गुडघे टेकून बसली आणि काच वाजवू लागली. माझा पत्रा कुरकुरला. मी म्हटलं, वाकलास तर वाक, पण फाटू नकोस.

"कोण गं तू? गच्चीवर काय करतेस?" आतून म्हातारी ओरडली. काकूंनी मास्क खाली ओढला. म्हातारीने काचेला नाक लावलं.

"अगं, किती वाळलीस! जेवतेस की नाही?"

"तू जेवत नाहीस, मग मी कशी जेवू?"

म्हातारीने मागे वळून हाक मारली. मेट्रन वाटीत सूप घेऊन आली, काकूंना टपावर पाहून क्षणभर थबकली, मग पाठ करून पलंगाची चादर नीट करत बसली. चांगलीच नीट केली म्हणायची, कारण अख्खी वाटी संपेपर्यंत ती वळली नाही.

परतीच्या वाटेवर काका एकाही थांब्यावर थांबले नाहीत. जबडा आवळून नुसते हाकत होते. तिसरा थांबा मागे पडला तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, थांबा गेला की."

काकांनी पुढच्या थांब्यावर ब्रेक लावला. काकूंनी घंटी मारली.

साथ सरून वृद्धाश्रमाची फाटकं उघडली तोवर म्हातारी राहिली नव्हती. आता काकांना कमी दिसतं आणि मला कुणी चालवत नाही. दोष कुणाचाच नाही. मित्रांनो, जुन्या गाड्या धुवा, पुसा, चाकांत हवा भरा. फक्त ठोकण्याआधी एकदा विचारा, हे कशाने झालं?

आत्ता काकू आल्या आहेत. कालच्या पावसाचं पाणी पोच्यांत साचलंय. शिडी चढून त्या फडक्याने ते टिपत आहेत. खाली मेकॅनिक हातोडी घेऊन उभा आहे. "काकू, उतरा ना. पडाल. पोचे निघाले की पाणी साचणारच नाही."

"गाडी विकायची म्हणालो होतो आम्ही," काकू वरूनच म्हणाल्या. "पोचे नाही."

आणि त्या पुन्हा गुडघे टेकून बसल्या. बरोब्बर त्याच जागी.