शर्टावरून फिरणारा हात

सतरावा टेकही पार फसला आणि दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. सिनेमा स्वतःच्या आईवरचा. आईचं काम करायला सख्खी ताई, शिवणकाम करणारी, जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर न उभी राहिलेली. आणि प्रसंग कुठला, तर नवरा अपघातात गेल्याचं आईला कळतं तो! खोली ओळखीतून मागून घेतलेली, पाचला रिकामी करून द्यायची होती. चार वाजून गेले होते.

त्याला आई रडायला हवी होती. त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही, म्हणून नातेवाइकांनी तिला जन्मभर दगड म्हटलं. तो तेव्हा वर्षाचा, त्याला काय आठवणार! पण निदान पडद्यावर तरी आई धाय मोकलून रडेल, असा चंगच बांधला होता त्याने. ताई बिचारी रडायची, पण कांदा चिरत बसल्यासारखी.

शेवटी आवाज टिपणारा कानसेन वैतागला. प्रसंग राहू दे, मला निदान खोलीचा आवाज तरी घेऊ दे म्हणाला. गप्प खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, तो मिनिटभर टिपून ठेवायचा. तेवढ्या वेळात कोणी हलायचं नाही की खोकायचं नाही. सगळे होते तिथे थिजले.

अर्ध्या मिनिटातच कानसेनच्या कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी घासत होतं. ताईचा तळहात होता तो. प्रसंगाच्या सजावटीसाठी टेबलावर पसरलेल्या शर्टावरून ती तो सावकाश फिरवत होती, नसलेली सुरकुती काढत. कानसेन एरवी खेकसलाच असता. पण त्याने आपला हेडफोन काढला आणि मुकाट्याने दिग्दर्शकाच्या कानांवर चढवला. ऐकता ऐकता दिग्दर्शक ताईकडे वळला.

"ताई, हे काय करतेस?"

"आई करत होती, त्या दिवशी. बाबांचा शर्ट होता. अंधार पडेपर्यंत हेच."

मग आधी का नाही बोललीस, असं त्याने विचारलं. तू रड म्हणालास, मी रडत होते, असं ताईचं सरळ उत्तर.

"पण ती का नाही रडली?"

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. एवढंही कळू नये याला! "तू मांडीवर झोपला होतास ना. दोन रात्री तापाने डोळा लागला नव्हता तुझा. झोपमोड झाली असती."

कानसेनने टेबलाखाली शिरून माइक बांधला. कॅमेरावालीने कॅमेरा टेबलाच्या उंचीवर आणला. आधी फक्त हात दाखवू, चेहरा मागाहून, असं तिने सुचवलं. मांडी रिकामी असेल तर हात भलताच मोकळा फिरतो, ही अडचण ताईने काढली. तेव्हा दिव्याच्या स्टँडवर वजनाला ठेवलेली वाळूची पिशवी दिग्दर्शकाने स्वतःच्या जॅकेटात गुंडाळली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

अठरावा टेक. हात फिरत राहिला. मधेच ताईचा ऊर भरून आला, हात थांबला. तिने खाली मांडीकडे पाहिलं, श्वास गिळला, आणि हात पुन्हा फिरू लागला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आपली आई दिसली.

कट म्हणायचं काम त्याचं होतं. पण आवाज केला तर मांडीवरचं मूल जागं होईल असं त्याला वाटलं, आणि तो तोंडावर हात दाबून तसाच रडत राहिला.