हे काय आहे गं?

काचबिंदूनं अलकाताईंची नजर पूर्ण गेली, तेव्हा सुधीररावांनी त्यांच्या फोनवर बारकोड वाचणारं एक अ‍ॅप घातलं. पाकिटावरच्या पट्ट्यांसमोर फोन धरला की त्या वस्तूची नोंद ऐकू यायची. नोंदी सुधीररावांनी स्वतःच्या आवाजात केल्या. "अलका, ही तूरडाळ." "हे मीठ. झाकण घट्ट लाव." नोंद नसली, तर एक यंत्राची बाई म्हणायची, "नोंद नाही. नाव सांगा."

सुधीरराव पुण्याहून हैदराबादला आले ते इलेक्ट्रॉनिक्सच्या नोकरीसाठी. बायकोला कोड समजावा म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर सुतळी आणि दोरे चिकटवले, तिची बोटं त्यावरून फिरवली.

"पांढरं उजेड परत फेकतं, काळं गिळतं. जाड-बारीक पट्ट्या आणि मधल्या फटी, यांतून आकडे होतात. शेवटचा आकडा राखणदार. तो बाकीच्यांचं गणित करून काढलेला असतो. वाचताना एक आकडा चुकला, तरी गणित जुळत नाही आणि यंत्र कोड घेतच नाही."

"हे सुचलं कुणाला हो?"

"अमेरिकेत एका तरुणाला. समुद्रकाठी बसून वाळूत तारायंत्राचे ठिपके आणि रेघा काढत होता. बोटांनी त्या खाली ओढल्या, झाल्या पट्ट्या! पण वाचणारं यंत्र परवडेपर्यंत पंचवीसेक वर्षं गेली. मग दुकानात पहिलं पाकीट वाचलं गेलं, ते च्युइंगगमचं."

मागच्या थंडीत सुधीरराव झोपेतच गेले. आवाज मागे राहिला. डाळ संपली, नवं पाकीट आलं, तेही त्यांच्याच आवाजात बोललं. कारण तो आकडा एका पाकिटाचा नसतो, त्या मालाच्या सगळ्याच पाकिटांचा असतो. हिमायतनगरच्या दुकानात अलकाताई शेल्फवरून फोन फिरवत जायच्या आणि गेलेला माणूस जागोजागहून त्यांना हाक मारायचा. काउंटरवरची भाग्यलक्ष्मी पहिल्यांदा दचकलीच. "अम्मा, ये साब की आवाज है ना?"

एका दुपारी त्यांनी बाजारात नव्यानंच आलेला बिस्किटांचा पुडा घरी आणला. फोन समोर धरला. बीप झालं. मग जरा वेळ काहीच नाही, आणि नंतर सुधीररावांचा आवाज.

"अलका, हे काय आहे गं?"

त्यांनी पुन्हा फोन धरला.

"मला दिसत नाहीये."

त्यांनी भाचीला, पल्लवीला, सिकंदराबादहून बोलावून घेतलं. पल्लवीनं फोनमधली प्रत्येक नोंद तपासली. असं वाक्य कुठेच नव्हतं. तिनं स्वतः पुडा स्कॅन केला, तर यंत्राची बाई बोलली, "नोंद नाही. नाव सांगा."

"मावशी, पट्टी चुकीची वाचली असेल. दुसऱ्याच वस्तूची नोंद लागली."

"चुकली असती तर कोड घेतलाच नसता. आणि नोंदी करताना यांना चांगलं दिसत होतं. मला दिसत नाही असं ते कशाला म्हणतील?"

अलकाताईंनी फोन हातात घेतला आणि पुड्यासमोर धरला.

"अलका? आहेस ना तिथं?"

पल्लवीनं झटकन त्यांचा हात धरला. "मावशी, बंद कर ते. प्लीज. मी आत्ताच काढून टाकते."

"थांब. अंधारात कसं वाटतं, ते तुला नाही कळायचं."

त्यांनी पुडा फोडला, एक बिस्कीट मोडून तोंडात टाकलं आणि फोनजवळ तोंड नेलं. "तिळाची बिस्किटं आहेत हो. गोल आहेत, कडेला नक्षी. फार गोड नाहीत."

पलीकडून कुणीतरी लांब श्वास सोडला. तो पल्लवीनंही ऐकला.

त्यानंतर अलकाताई दर आठवड्याला एखादी अनोळखी वस्तू आणू लागल्या. आवाज विचारायचा, त्या सांगायच्या. नुसतं नाव सांगून त्यांचं भागायचं नाही. डबा हलवून कसा वाजतो ते ऐकवायच्या, पिशवी दाबली की बोटांना काय लागतं ते सांगायच्या. पल्लवीनं त्या घरात एकटीनं बसणं सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी एक साबण आणला. वेष्टन उघडून फोन धरला. सांगायला तोंड उघडणार, तोच आवाज आला.

"चंदनाचा आहे. वासावरून कळलं मला."

अलकाताई पुढच्या शब्दाची वाट बघत उभ्या राहिल्या. फोन गप्प होता. पुन्हा धरला, तर यंत्राची बाई म्हणाली, "नोंद नाही. नाव सांगा."

संध्याकाळी पल्लवी आली, तेव्हा त्या ओट्याशी तशाच उभ्या होत्या, साबण मुठीत घट्ट धरून.

"मावशी, काय झालं?"

"न बघता ओळखायला शिकले ते," अलकाताई म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ रडल्या.

नवीन वस्तूंच्या नोंदी आता त्या स्वतःच्या आवाजात करतात.