एका तारेवर दोन घंटा

योगिनीच्या पत्राला धोंडीरामांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र मात्र तोंडपाठ झालं होतं. 'काका, इगतपुरीजवळच्या बंधाऱ्यावर तुम्ही लिहिलेला ड्रायव्हर प्रोग्रॅम घालून पाण्याची पातळी कळवणारी पेटी बसवलीय. बॅटरी वाचावी म्हणून ती झोपते. पाणी चढलं की त्यावर तरंगणाऱ्या फ्लोटनं तिला उठवायचं. पण उठायच्या आतच ती गोठते. पावसाळ्याआधी जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं आमचे साहेब म्हणतात. माझंच चुकत असेल ना?'

पत्र इंटरनेटवर, कर्नलवर म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्यांच्या जाहीर चर्चेत होतं. जगभरचे जाणकार ते वाचत. धोंडीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, कर्नल शिकले ते पुस्तकांतून. तशीच पेटी टेबलावर मांडून ते रोज खटपट करत. धाकधूक एकच: चूक आपल्या ड्रायव्हरची निघाली तर?

अकराच्या सुमारास कुरियरवाल्यानं बेल दाबली. ती खाली वाजली, तशी वरही. वरच्या मजल्यावरची भाडेकरू मनीषा रुग्णालयातली रात्रपाळी करून नुकतीच झोपली होती. मिटल्या डोळ्यांनी ती जिना उतरली आणि कठड्यावर आपटली.

"काका, बेल तुमची, आणि धडपडायचं मी!"

"दोन्ही बेल एकाच तारेवर जोडल्यात यांनी," धोंडीरामांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या. "तार वाचवली म्हणे!"

"झोपलेल्या माणसाला कशाला हाक मारायची हो?" मनीषा कुरकुरली.

धोंडीराम पार्सल हातात धरून तसेच उभे राहिले. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"कानही गेले का काका?"

पण ते टेबलाकडे धावले होते. फ्लोट आणि पेटीतला निरोप धाडणारा रेडिओ एकाच इंटरप्टच्या, म्हणजे हाकेच्या, तारेवर! पेटी झोपताना कर्नल सगळ्या यंत्रांचे इंटरप्ट बंद करतो. फ्लोटची हाक चुकू नये म्हणून ड्रायव्हरमध्ये त्यांनीच लिहिलं होतं, 'हा कधीच बंद करू नको.' मग ती हाक झोपलेल्या रेडिओच्या कोडलाही जायची, आणि तो कोड वीज नसलेल्या चिपला हात घालून अडकायचा. त्यांनी ती ओळ खोडली. 'ही हाक फक्त उठवणारी' एवढीच खूण केली. आता आधी सगळी पेटी जागी होणार, मगच आतल्यांना निरोप.

"अगं, तांब्याभर पाणी आण!"

"प्यायला?"

"फ्लोटला!"

पेटी झोपवून त्यांनी टबात पाणी ओतलं. फ्लोट तरंगला. हिरवा दिवा लागला! पुन्हा ओतलं, पुन्हा लागला. नऊ वेळा.

"फरशी कोण पुसणार?" असं म्हणत आशाबाईच दहावा तांब्या घेऊन आल्या.

मग ते लिहायला बसले. 'काही कारणाने अडचण येत होती' हे वाक्य त्यांनी लिहिलं आणि खोडलं. 'योगिनीताई, चूक तुमची नाही. ड्रायव्हरमधली ती ओळ माझी. दुरुस्ती सोबत आहे. उत्तराला उशीर केला, तेही माझंच चुकलं. हे पत्र साहेबांना दाखवा.' खाली पूर्ण नाव घातलं.

"तिला एकटीलाच पाठवा की," आशाबाई हळूच म्हणाल्या. "सगळ्यांपुढे कशाला?"

"तिनं सगळ्यांपुढे विचारलं होतं, माझंच चुकतंय का म्हणून."

त्यांनी बटण दाबलं. योगिनीच्या पत्राखाली चार महिने रिकाम्या राहिलेल्या जागेत त्यांचं नाव उमटलं.