पातळ सोनं

पुष्य नक्षत्र जवळ आलं की मूर्तिजापूरच्या गोदाबाई सहाण धुऊन ठेवत. मग बोटातली अंगठी दुधाच्या थेंबात उगाळायची आणि ते दूध पोटुशा सुनेला पाजायचं. त्यानं मुलगाच होतो, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं. आचलला त्यांनी दोन खेपांना हे दूध पाजलं आणि दोन्ही वेळा मुलगीच झाली. दोष अर्थातच आचलचा. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि गोदाबाईंचा अंगठीवरचा विश्वास उडाला होता, रिवाजावरचा मात्र नाही.

नक्षत्राच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांची लेक प्रणाली अमरावतीहून आली. ती तिथल्या प्रयोगशाळेत सोन्यावर संशोधन करत होती. लेकीनं शिकावं म्हणून याच गोदाबाई नवऱ्याशी भांडल्या होत्या. आपली लेक ती लेक आणि सुनेच्या पोरी म्हणजे भार, हा हिशेब त्यांना कधी खटकला नाही. घरात तो कुणालाच खटकला नव्हता, प्रणालीलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एका कॉलेजात तिला प्रयोग करून दाखवायचा होता, म्हणून डब्यात दोन बाटल्या होत्या. एक लाल, एक पिवळी. चहा पिता पिता ती कौतुकानं सांगायला बसली.

"सोन्याचे कण इतके बारीक करतो आमी, का डोयाले दिसतच नाई. अन् तेवढं बारीक झालं का सोनं लाल दिसते. त्याच्यापासून कागदाची पट्टी करून राहिलो. खारपाणपट्ट्यात खारं पाणी पिऊन लोकायच्या किडन्या जातात ना, ते लघवीच्या थेंबावरून लवकर समजलं पायजे."

"अन् हे पिवळी?" गोदाबाईंनी विचारलं.

"त्यातबी सोनंच हाये, पण आयसिडमधलं. हात लावू नोका कोणी. घसा जळून जाईन."

गोदाबाई गालातल्या गालात हसल्या. काजू-बदामाचा डबा नातींच्या हाती लागू नये म्हणून त्या स्वतःच सांगत, त्यात उंदराचं औषध आहे. मोलाची वस्तू झाकायला लेकही भीतीच घालते आहे, एवढं त्यांना कळत होतं. आणि सोनं लाल असतं ही तर शुद्ध थाप. सोनं पिवळंच असतं, हे काय शाळेत जाऊन शिकायचं?

सकाळी प्रणाली न्हाणीत होती. बाहेरून आचलचा आवाज आला.

"आत्याबाई, ताई म्हणे त्यात आयसिड हाये."

"माह्या पोरीले माह्यापेक्षा तू जास्त ओळखतं काय? दोन डाव पोरीच देल्या तुनं. तोंड उघड."

"मले भेव लागते."

"शिवम, हात धर हिचे."

शिवम म्हणजे प्रणालीचा भाऊ, आचलचा नवरा. प्रणालीनं हे सगळं ऐकलं आणि अंगावर तांब्या ओतला. अंगठीचं दूध असेल, रोजची कटकट आहे, आपण पाहुण्यासारख्या येतो, कशाला मधे पडा, असं तिला वाटलं. या घरात सगळ्यांनाच असं काहीतरी वाटत आलं होतं. मग पेला फुटला आणि माणसाच्या गळ्यातून निघेल असं वाटणारच नाही असा आवाज आला.

ओल्या केसांनी ती बाहेर धावली. पिवळी बाटली रिकामी होती. आचल जमिनीवर तडफडत होती, आणि तिच्या पोरी दाराशी एकमेकींना धरून उभ्या होत्या.

अकोल्याच्या दवाखान्याकडे गाडी निघाली. आचलचं डोकं प्रणालीच्या मांडीवर होतं. पुढच्या सीटवरून गोदाबाई म्हणाल्या, "डॉक्टरले सांगजो, फिनाईल पेली चुकून."

"आई, खरं नाई सांगतलं तर इलाज कसा करतीन?"

शिवम गाडी चालवता चालवता बोलला, "बाटली तुही हाये. तुहंच शिक्षण जाईन. इचार करून बोलजो."

तिनं विचार केला. अमरावतीची खोली, अर्धवट राहिलेला प्रबंध, हे सगळं तिला आठवलं आणि खरोखर भीती वाटली. पण डॉक्टरांनी "काय प्यायल्या?" असं विचारलं तेव्हा तिनं सोन्याच्या क्षाराचं आणि आम्लाचं नाव, प्रमाण, सगळं सांगून टाकलं.

"कुणी दिलं?"

गोदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, खात्री होती.

"माझ्या आईनं," प्रणाली म्हणाली. "भावानं हात धरले होते." संध्याकाळी पोलिसांनाही तिनं हेच लिहून दिलं.

पोटातलं लेकरू गेलं. आचल जगली, पण अन्ननलिका जळाली. पोटाला नळी लावून तिला पातळ अन्न देतात. आवाज गेला. गोदाबाई आणि शिवम जामिनावर सुटले आणि शिवमसाठी मुली पाहणं सुरूसुद्धा झालं. आचलच्या माहेरानं दार लावून घेतलं. नियम मोडून बाटली घरी नेली म्हणून प्रणालीचं संशोधन थांबवलं, आणि ते बरोबरच होतं असं ती स्वतः म्हणते. आता ती शिकवण्या घेते. आचल आणि तिच्या दोन्ही पोरी अमरावतीत तिच्याच खोलीवर राहतात.

एका दुपारी मूर्तिजापूरच्या शेजारीण गंगूबाई एसटीनं आल्या. आचलसाठी संत्री घेऊन आल्या होत्या. नळी पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि गोदाबाईंना मनसोक्त शिव्या घातल्या. मग प्रणालीला दाराशी बोलावून हळूच म्हणाल्या, "माह्या सुनेले दिवस हायेत. पयली पोरगीच हाये. गोदीनं चुकीची बाटली घेतली, सारं गाव म्हणून राहिलं. ते लालवाली थोडी देतं का, बाई?"

प्रणालीच्या अंगाचा तिळपापड झाला. समोरच्या खाटेवर पुरावा पडला होता आणि गावानं त्यातून एवढंच घेतलं होतं.

"सुनेचा नंबर द्या," ती म्हणाली.

काम झालं असं वाटून गंगूबाईंनी लगबगीनं नंबर सांगितला. प्रणालीनं त्यांच्यासमोरच फोन लावला.

"मी गोदाबाईची प्रणाली. तुह्या सासूनं कोणतंबी औषध देलं, दूध देलं, पिऊ नोको. अन् कोणी हात धरले तर मले फोन कर. मी माह्या आईविरुद्ध साक्ष देली, तुह्या सासूविरुद्धबी देईन."

गंगूबाई उठल्या. आचलच्या उशाशी ठेवलेली संत्री त्यांनी एकेक करून पिशवीत परत भरली आणि बसस्टँडकडे निघाल्या.