पहिली पुडी कोणाची?

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. रिसोडच्या हकीम दिलावर यांच्या दवाखान्यात औषधं घोटण्यात माझी हयात गेली. हल्ली त्यांच्या सूनबाई मेहरबी मला दाराला टेकू म्हणून लावतात. टेकू तर टेकू! पण माझ्या पोटातला खळगा एकदा बघा. असा खळगा बसून खाणाऱ्याला पडत नाही.

एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. हकीमसाहेबांच्या उस्तादांनी मला त्यांच्या हाती सोपवलं आणि सोबत एक शिस्तही दिली. जहाल औषध घोटलं, की पहिली पुडी हकिमाने स्वतः घ्यायची, मगच रोग्याला द्यायची. त्यापायी साहेबांना कितीदा जुलाब लागले! लोक हसायचे, पण पुढची पुडी डोळे मिटून घ्यायचे. तेव्हा माझाही तोरा काही कमी नव्हता.

मग जगदेवाच्या पोटात गाठ झाली. जगदेव जवळच्याच खेड्यातला शेतकरी, अंगापिंडाने पहिलवान गडी, पण बघता बघता वाळून गेला. या गाठीवर इलाज नाही, हे हकीमसाहेबांनी त्याला स्पष्टच सांगितलं होतं. दुखण्याने तो हैराण झाला, आणि रात्रंदिवस राबणाऱ्या मनकर्णाबाईचे, आपल्या बायकोचे, हाल पाहून त्याहून अधिक. "मले मोकळं करा," असं तो येईल त्याला म्हणू लागला.

शेवटी त्याच्या गावाने चावडीवर बसून ठरवलं, की ज्याला जगणं नकोसं झालं असेल त्याला हकिमाने अफूची मोठी पुडी द्यावी, त्यात कोणी दोष धरू नये. मोठ्या दयेने ठरवलं हो! पण दुसऱ्याच दिवशी, अर्धांगवायूने पडून असलेली म्हातारी रंगूबाई सुनेच्या हातचं दूध घेईना. "माही पाळी कवा हाय?" असं तिने विचारलं. सून बिचारी रडू लागली. तिच्या मनात तसं काहीच नव्हतं.

इकडे जगदेवाचा भाऊ शालिग्राम त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन आला.

"सायब, पंचायनं मुभा देली. घोटा आता," तो म्हणाला.

हकीमसाहेबांनी मला पुढे ओढलं.

"घोटतो," ते जगदेवाला म्हणाले. "पन माह्या खलाचा कायदा तुमाले ठाऊक हाय. पयली पुडी माही."

जगदेव धडपडत उठून बसला. "तुमी काहून मरता? तुमचं जगनं लोकायच्या कामाचं हाय."

"आन तुमचं बेकामाचं हाय, हे कोनं ठरोलं?"

जगदेव भावाकडे बघू लागला. शालिग्रामाला हुंदका आवरेना. "म्या नाही ठरोलं रे दादा. मले त तू पायजे."

"मंग हे दुखनं?" जगदेवाने विचारलं.

"दुखनं मी मारतो," हकीमसाहेब म्हणाले. "तुमाले मारनं माहं काम नाही."

त्या दिवशी माझ्यात अफू घोटली गेली, पण दुखणं उतरवण्यापुरतीच. शिस्तीप्रमाणे पहिली पुडी साहेबांनी घेतली आणि थोड्याच वेळात रोग्याच्या खाटेशेजारी स्वतःच घोरू लागले. ते पाहून जगदेव कितीतरी दिवसांनी पोट धरून हसला.

पुढे हकीमसाहेब मला घेऊन त्याच्या घरी जात. मनकर्णाबाईच्या डोळ्याला डोळा लागावा म्हणून शेजारणी येऊन बसू लागल्या. चावडीवरचा ठराव पंचांनी मागे घेतला, तेव्हा कुठे रंगूबाईने दुधाला तोंड लावलं. ज्वारी हुरड्यावर आली, तेव्हा जगदेवाने चार दाणे चाखले आणि मीठ कमी पडल्याची कुरकुरही केली.

तो गेला, मित्रांनो. गाठीने त्याला नेलंच. पण भावाच्या मांडीवर डोकं ठेवून, आपल्या वेळेला गेला. आपण कोणाला नकोसे झालो, हे शल्य त्याच्या सोबत गेलं नाही.

मला खुशाल दाराला टेकवा, माझ्यात मिरच्या वाटा, माझी तक्रार नाही. पण खाटेवर पडलेल्या माणसाजवळ बसा, त्याचं दुखणं हलकं करा, आणि त्याच्या जगण्याचा भाव ठरवायला चावडी भरवू नका. तरी कोणी दया म्हणून तसली पुडी पुढे केलीच, तर माझ्या वतीने एवढंच विचारा : पहिली तुम्ही घेता का?