चूलबंद आवतण

ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचं भाषण सरपंच भगवंतरावांना अश्वजितनेच लिहून दिलं होतं. जळगाव जामोदच्या कॉलेजात तासिकेवर राज्यशास्त्र शिकवणारा हा पोरगा. राज्य म्हणजे घर, हे त्याचं लाडकं पालुपद. भाषणातही त्याने तेच घातलं, गाव म्हणजे एक घर. भगवंतराव इतके खूश झाले की त्यांनी गावाला चूलबंद आवतण देऊन टाकलं. म्हणजे त्या दिवशी एकाही घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी पंगतीला यायचं.

अश्वजितची माय चांगुणा मात्र सकाळीच पीठ मळायला बसली. लोकांची उष्टी उचलल्यावर मग बौद्धवाड्याला बसवतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती अशा पंगतीला कधी गेलीच नव्हती.

"माय, आता तसं नाही राह्यलं. मी सोता लिहून देल्लं. सगळे संगंच बसतीन."

"तू म्हनतं त चाल बापा," म्हणून तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

मंडपात रोडगे आणि वांग्याची भाजी वाढणं सुरू होतं. चांगुणा रिकाम्या जागेकडे वळली, तसा एक वाढपी आडवा आला.

"तुमची पंगत मांगून हाय."

अश्वजितच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तडक भगवंतरावांपुढे उभा राहिला.

"भाऊ, गाव एक घर हाय ना? मंग आमी मांगून काऊन?"

भगवंतराव चिडले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, घरात बाया मांगून जेवतेत. थ्या काय परक्या असतेत? घरच्यालेच त थांब म्हनता येते. पाहुन्याले म्हनता येते का?"

घरात कर्ता असतो, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायला घरात जागा नसते, हे इतकी वर्षं शिकवताना अश्वजितच्या टाळक्यात शिरलं नव्हतं. हक्क परक्याने मागावा. घरच्याने मागितला की तो भांडखोर. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"चाल माय, जाऊ आपन."

"आता कुठी जातं? उठून गेलो त गाव म्हनन, याइनं मान मोडला." चांगुणा मंडपाच्या कडेला टेकली.

"यायले सोडत नाही मी!"

"त्याइले कायले बोलतं बापा? मी एवढी वर्सं आलीच नोती. तू आनलं."

ती रागाने बोलली असती, तर त्याला सोसलं असतं.